गोमा कुणी घेतले, हे तुमच्या कपाटात लिहिलेले आहे : सुरक्षा परिषदेला खुले पत्र

प्रति,
सर्व सदस्य देशांचे प्रतिनिधी,
सुरक्षा परिषद, संयुक्त राष्ट्रे, न्यूयॉर्क

स. न. वि. वि.

तुमच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही, तेव्हा हे पत्र तुमच्यापैकी कुणी वाचील अशा भ्रमात मी नाही. ते मराठी वाचकांसमोर तुम्हाला लिहितो आहे. पूर्व काँगोतल्या युद्धाची बातमी आमच्याकडे आलीच तर ती कुठल्याशा टोळ्यांच्या न संपणाऱ्या भांडणासारखी येते. इतके मेले, इतके परागंदा झाले, आणि कोण कुणाशी का लढते आहे याचा पत्ता नाही. बातमी लिहिणाऱ्याला तो नसेल, मान्य. तुम्हाला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. या युद्धाची जेवढी बारीक नोंद तुमच्या कपाटात आहे, तेवढी जगातल्या फार थोड्या युद्धांची कुणाकडे असेल.

२००४ साली तुम्हीच तज्ज्ञांचा एक गट नेमलात. शस्त्रबंदी कोण मोडते, बंडखोरांना पैसा कुठून मिळतो, हे शोधून तुम्हाला कळवणे हे त्यांचे काम. जुलै २०२४ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिले की एम-२३ या बंडखोर गटाच्या कारवायांची सूत्रे प्रत्यक्षात रवांडाच्या सैन्याकडे आहेत आणि त्या सैन्याचे ३ ते ४ हजार जवान काँगोच्या भूमीवर आहेत. त्याआधी एप्रिलच्या शेवटी एम-२३ ने उत्तर किवू प्रांताच्या मासीसी भागातले खाणींचे गाव रुबाया ताब्यात घेतले होते. जगातल्या कोल्टनपैकी (मोबाइलसारख्या उपकरणांत लागणारा टँटलम धातू ज्यातून मिळतो ते खनिज) सुमारे १५ टक्के तिथून निघते. वर्षअखेरच्या अहवालात पुढचा हिशेब आला. रुबायाच्या कोल्टनवर कर बसवून हा गट महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर कमावतो आणि माल सीमेपलीकडे जाऊन रवांडाच्या उत्पादनात मिसळतो. २७ जानेवारी २०२५ ला उत्तर किवूच्या राजधानीचे शहर गोमा एम-२३ च्या हाती पडले. फेब्रुवारीच्या मध्यावर दक्षिण किवूच्या राजधानीचे शहर बुकावूही गेले. मग २१ फेब्रुवारीला तुमचा ठराव क्रमांक २७७३ एकमताने मंजूर झाला : रवांडाने एम-२३ चा पाठिंबा थांबवावा आणि विनाअट, ताबडतोब माघार घ्यावी. अहवाल आणि ठराव यांच्यामध्ये सात महिने गेले, आणि तेवढ्या अवधीत दोन प्रांतांच्या राजधान्याही.

हे युद्ध संपत नाही याचे कारण द्वेष किंवा खनिजे एवढ्यावर सांगता येत नाही. बाहेरच्यांना ते फार स्वस्त पडते, हे मला मुख्य कारण वाटते. आणि ते स्वस्त ठेवण्यात या परिषदेतल्या देशांचा हात आहे.

रवांडाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडायला हवे, कारण ते निव्वळ बहाणा नव्हते. एप्रिल १९९४ मध्ये तिथे तुत्सी या अल्पसंख्य समाजाची कत्तल सुरू झाली तेव्हा याच परिषदेने तिथली शांतिसेना वाढवली नाही. २१ एप्रिलला तिची संख्या कापून जेमतेम २७० वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. जुलैमध्ये तुत्सी बंडखोरांकडून हरलेले मारेकऱ्यांचे हुतू सरकार, त्याचे सैन्य, मिलिशिया आणि त्यांच्याबरोबर दहा लाखांहून अधिक हुतू निर्वासित सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, आले. गोमाभोवतीच्या छावण्यांत मदतीचे धान्य कुणाला द्यायचे हेही तेच मारेकरी ठरवत आणि तिथूनच रवांडावर हल्ले चढवत. त्यांना निःशस्त्र करून सीमेपासून दूर न्या, ही किगालीची, म्हणजे रवांडाच्या नव्या सरकारची, मागणी तेव्हा रास्त होती. ती कुणी पुरी केली नाही. १९९६ मध्ये रवांडाचे सैन्य स्वतःच आत घुसले.

ते घुसले, पण स्वतःच्या नावाने नव्हे. लॉरां कबिला नावाचा जुना, जवळजवळ विस्मृतीत गेलेला बंडखोर शोधला गेला, आघाडी उभी राहिली, आणि काँगोच्या मुक्तीचे युद्ध काँगोचे लोक लढत आहेत असे जगाला सांगण्यात आले. मे १९९७ मध्ये झाईरचा हुकूमशहा मोबुटू पळाला. पुढची सगळी वर्षे याच रीतीने चालली आहेत. १९९८ मध्ये कबिलाने रवांडाच्या सैन्याला घरी जायला सांगितले, तर आठवड्याभरात नवा बंडखोर गट तयार. पुढे आणखी एक. २३ मार्च २००९ च्या कराराने तो काँगोच्या सैन्यात विरला, आणि २०१२ मध्ये तो करार पाळला नाही म्हणून त्याच तारखेचे नाव घेऊन परत उठला. तोच एम-२३. २०१३ मध्ये हरला, २०२१ च्या अखेरीस पुन्हा उभा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला राजकीय मुखवटाही मिळाला. त्या आघाडीचा नेता कोण? काँगोच्या निवडणूक आयोगाचा माजी अध्यक्ष. ज्याने २०१८ च्या निवडणुकीत आजच्या राष्ट्राध्यक्षांना विजयी घोषित केले, तोच माणूस आज त्यांची सत्ता उलथायला निघाला आहे.

पाट्या बदलतात, माणसे फारशी बदलत नाहीत. जेम्स काबारेबे यांची कारकीर्द पाहा. रवांडाचे हे अधिकारी कबिला सत्तेवर आल्यावर चक्क काँगोच्या सैन्याचे प्रमुख झाले. १९९८ मध्ये तिथून निघाले आणि विमाने भरून सैनिक घेऊन पश्चिमेच्या कितोना तळावर उतरले, त्याच काँगोविरुद्ध लढायला. पुढे रवांडाचे संरक्षणमंत्री. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एम-२३ शी समन्वय साधल्याबद्दल त्यांच्यावर निर्बंध घातले. पाव शतकाहून अधिक काळ ही व्यक्ती तुमच्या कागदांत येत-जात आहे.

युगांडाला मी सोडून देत नाही. जून २००० मध्ये किसांगानीत रवांडा आणि युगांडाची सैन्ये एकमेकांवर तुटून पडली. शहर तिसऱ्याच देशाचे, सीमेपासून शेकडो किलोमीटर आत, आणि सहा दिवस तोफगोळे पडत होते ते तिथल्या रहिवाशांच्या घरांवर. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००५ मध्ये युगांडाला दोषी धरले आणि २०२२ मध्ये ३२.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. रवांडाविरुद्धचा दावा मात्र २००६ मध्ये बाद झाला, कारण न्यायालयाला त्याबाबत अधिकारक्षेत्रच नव्हते. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. पण शेजाऱ्याच्या घरात शिरायचेच असेल तर न्यायालयाचा अधिकार पत्करायचा नाही, हा धडा त्यातून सगळ्यांना मिळाला.

आता दुसरी बाजू, नाहीतर किन्शासाच्या, म्हणजे काँगो सरकारच्या, प्रवक्त्याने हे पत्र लिहिले असे वाटेल. एम-२३ ही नुसती कठपुतळी आहे असे मी मानत नाही. किवूतल्या किन्यारवांडा ही रवांडाची भाषा बोलणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे. १९३७ पासून बेल्जियन राजवटीने मळ्यांसाठी रवांडातून माणसे आणून मासीसीत वसवली. त्याआधीपासूनही काही समाज तिथे होतेच. १९८१ च्या कायद्याने त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नागरिकत्वावर एका फटक्यात प्रश्नचिन्ह लागले. जमिनीचे हक्क, निवडणुकीतला वाटा, सगळे त्यावर अवलंबून. 'तुम्ही इथले नाहीत' हे वाक्य तिथल्या पुढाऱ्यांना आजही मते मिळवून देते आणि तुत्सींचे जीव घेते. ही जखम उघडी आहे म्हणून बाहेरच्याला आत हात घालता येतो. मात्र एम-२३ च्या ताब्यातल्या गावांत या लोकांचे भले झाले असेही दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये किशिशे गावात एम-२३ च्या हातून मारले गेले ते साधे गावकरी होते.

किन्शासानेही आपले युद्ध बाहेरच्यांना आणि खासगी बंदूकवाल्यांना वाटून टाकले आहे. १९९४ च्या मारेकऱ्यांच्या अवशेषांतून उभा राहिलेला एफडीएलआर हा गट आता पूर्वीच्या मानाने फार लहान उरला आहे. पण काँगोचे सैन्य त्याच्या खांद्याला खांदा लावून लढते, हेही तुमच्याच तज्ज्ञांनी लिहिले आहे. शेजारी देशाला वर्षानुवर्षे पुरेल असे निमित्त स्वतःच्या हाताने द्यायचे याला काय म्हणावे? 'वाझालेंदो' म्हणजे देशभक्त, या नावाखाली कालचे लुटारू आज शस्त्रे घेऊन सरकारी बाजूने उभे आहेत. बुरुंडीचे सैन्य दक्षिण किवूत आहे. दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीचे सैनिक २०२३ च्या अखेरीस आले आणि २०२५ मध्ये नामुष्कीने परतले. जानेवारी २०२५ च्या लढाईत दक्षिण आफ्रिकेचे १४ जवान गेले. गोमा पडले तेव्हा काँगो सरकारसाठी काम करणारे जवळपास तीनशे रोमानियन भाडोत्री सैनिक शरण आले आणि रवांडामार्गे मायदेशी गेले. ज्या देशाविरुद्ध लढायचे पैसे घेतले, त्याच देशाने विमानात बसवून दिले. युगांडाचे सैन्य २०२१ पासून काँगोच्या परवानगीने एडीएफ या इस्लामी गटाविरुद्ध लढते आहे आणि त्याच वेळी एम-२३ ला आपल्या हद्दीतून वाट देते, असेही अहवाल सांगतात.

खनिजांबद्दल एक गैरसमज काढून टाकावासा वाटतो. हे युद्ध कोल्टनसाठी सुरू झाले नाही. ते सुरू झाले तेव्हा कोल्टन कुणाच्या गावीही नव्हते. २००० साली टँटलमचे भाव अचानक भडकले आणि तिथे असलेल्या सैन्यांना आपल्या पायाखाली काय आहे ते कळले. तेव्हापासून खाणी युद्धाचे कारण नसतील, पण त्याचा खर्च भागवतात. गटाला मालकाकडून पगार लागत नाही, तो कर बसवून आपला चरितार्थ चालवतो आणि मालकाकडे माल पाठवतो. पोत्यांना चिकटवायची प्रमाणपत्रे आली, अमेरिकेने २०१० मध्ये कंपन्यांना खनिजाचा उगम सांगण्याची सक्ती केली. सीमेपलीकडे पोते बदलले की प्रमाणपत्रही बदलते. सोन्याला तर तेवढीही आडकाठी नाही. ते खिशात मावते, युगांडा आणि रवांडाच्या निर्यातीत अवतरते आणि दुबईत वितळते.

स्वस्त युद्ध महाग करता येते का? करता येते, आणि तुम्ही ते एकदा करून दाखवले आहे. २० नोव्हेंबर २०१२ ला एम-२३ ने गोमा घेतले. त्या वर्षीही तज्ज्ञांनी रवांडाचे नाव घेतले होते, आणि त्यांचे ते परिशिष्ट बाहेर यायला उशीर होतो आहे अशी ओरड झाली होती. पण त्या वेळी युरोपातल्या देशांनी मदत रोखली. अमेरिकेने कापलेली लष्करी मदत फक्त २ लाख डॉलर होती, तरी तिचा अर्थ किगालीला बरोबर कळला. वॉशिंग्टनहून थेट राष्ट्राध्यक्षांचा फोन गेला. मार्च २०१३ मध्ये तुम्ही आक्रमक कारवाईची परवानगी असलेली वेगळी ब्रिगेड मंजूर केलीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये एम-२३ संपला. पाठीमागचा हात निघाला आणि वर्षभरात अजिंक्य वाटणारा गट कोसळला. मला या सगळ्या इतिहासात यापेक्षा बोलका पुरावा सापडत नाही.

मग २०२१ नंतर तसे का झाले नाही? कारण मधल्या काळात रवांडा तुम्हा प्रत्येकाच्या कसल्या ना कसल्या कामाचा झाला होता. तो शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांत आहे. त्याची ताकद त्याने २०१० मध्येच दाखवली होती. काँगोतल्या १९९३ ते २००३ मधल्या ६१७ गंभीर अत्याचारांची नोंद करणारा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल प्रसिद्धीपूर्वीच फुटला, तेव्हा किगालीने सुदानमधले सैनिक काढून घेण्याची धमकी दिली. अहवाल आला. संशयितांची नावे आजही कुलपात आहेत. २०२१ पासून रवांडाचे सैन्य मोझांबिकच्या काबो देल्गादोत आहे, जिथे एका फ्रेंच कंपनीचा मोठा वायूप्रकल्प आहे. त्या तैनातीसाठी युरोपीय संघाने २०२२ मध्ये २ कोटी युरो दिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तुमच्या तज्ज्ञांनी तीन-चार हजार सैनिक मोजल्यानंतर, पुन्हा २ कोटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच संघाने रवांडाशी कच्च्या खनिजांचा सामंजस्य करार केला. ब्रिटनला आपल्या दारात आश्रय मागणारे लोक पाठवायला जागा हवी होती. २०२३ अखेरपर्यंत त्याने त्यासाठी २४ कोटी पौंड मोजले आणि एकही माणूस सक्तीने पाठवता आला नाही. चीनच्या कंपन्यांकडे काँगोच्या दक्षिणेतल्या कोबाल्टच्या खाणी आहेत, किन्शासाकडे चिनी ड्रोन आहेत. असे हितसंबंध असताना कठोर बोलणे अवघड जाते, हे मी समजू शकतो. पण मग चिंता व्यक्त करणारी निवेदने तरी काढू नका.

२०२५ मध्ये निर्बंध आले, मदत थांबली, युरोपीय संघाने किगालीतल्या एका सोनेशुद्धी कारखान्याचे नाव यादीत घातले. गोमा आणि बुकावू तोवर हातचे गेले होते.

सध्याच्या शांतताप्रक्रियेबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते ती तिच्या रचनेची. एक टेबल वॉशिंग्टनला आहे. तिथे काँगो आणि रवांडा बसतात. २७ जून २०२५ ला परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या, ४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांनी, आणि त्याच समारंभात अमेरिकेने काँगोशी खनिजांचा करारही उरकून घेतला. दुसरे टेबल कतारमधल्या दोह्याला. तिथे काँगो आणि एम-२३. जुलैत तत्त्वांची घोषणा, नोव्हेंबरमध्ये आठ उपकरारांचा आराखडा. रवांडा म्हणतो, एम-२३ हा काँगोचा अंतर्गत प्रश्न, आमच्या आहेत त्या फक्त बचावात्मक उपाययोजना. एम-२३ म्हणतो, वॉशिंग्टनच्या कागदावर आमची सही नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. मालक एका खोलीत आणि गडी दुसऱ्या खोलीत बसवल्यावर दुसरे काय होणार? ४ डिसेंबरनंतर आठवडाही उलटला नाही आणि एम-२३ दक्षिण किवूतल्या उविरा शहरात शिरला. अमेरिकेने डोळे वटारल्यावर काही दिवसांत माघारीची घोषणाही झाली. त्या घोषणेने अधिक सिद्ध काय झाले असेल तर हेच की दोरी कुठून ओढायची ते सगळ्यांना नीट माहीत आहे.

भारतीय म्हणून दोन शब्द, कारण आमचे सैनिक तुमचा निळा टोप घालून तिथे उभे आहेत. हे नाते जुने आहे. १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया काँगोतल्या एलिझाबेथव्हिलला धारातीर्थी पडले तेव्हा कटांगाचे फुटीर राज्यही भाडोत्री सैनिक आणि बेल्जियन खाणकंपनीच्या पैशावर उभे होते. नोव्हेंबर २००८ मध्ये उत्तर किवूतल्या किवांजात सुमारे दीडशे माणसे मारली गेली, तेव्हा भारतीय तुकडीचा तळ दीड किलोमीटरच्या आत होता. आम्हाला ते अभिमानाने सांगता येत नाही आणि लपवूही नये. जुलै २०२२ मध्ये बुटेम्बोत शांतिसेनेविरुद्ध उसळलेल्या जमावात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. जमावाचा राग समजण्यासारखा होता : हे वीस वर्षे इथे आहेत, मग आमची गावे का जळतात? मारले गेलेल्या जवानांना याचे उत्तर देता आले नसते. ते तुम्हाला द्यायचे होते. जो शत्रू ठरावात लिहायला तुम्ही २०२५ पर्यंत थांबलात, त्याच्यापुढे सैनिकाने काय करायचे होते? आणि नवी दिल्लीलाही विचारायला हवे. २०१८ मध्ये पंतप्रधान किगालीला गेले, २०० गायी भेट दिल्या, कर्जाचे करार झाले. मैत्री असावी. पण ज्या देशात आपले जवान मरतात तिथल्या युद्धाबद्दल त्या मित्राशी आपण काय बोललो, हे आम्हाला कुणी सांगत नाही.

दरवर्षी जूनअखेर काँगोवरील निर्बंधांची मुदत वाढवण्याचा ठराव तुमच्यापुढे येतो. बहुधा तो फारशा चर्चेविना संमत होतो. या वेळी त्यात काही वाक्ये नवी घाला. एम-२३ ने नवे शहर घेतले तर तो वॉशिंग्टन कराराचा रवांडाकडून झालेला भंग मानला जाईल, असे लिहा. त्याचबरोबर काँगोच्या सैन्याने एफडीएलआरला गोळी जरी पुरवली तरी ते किन्शासाच्या खाती धरले जाईल, हेही लिहा. ज्या देशाच्या सैन्याला तुम्ही स्वतः शेजाऱ्याच्या भूमीतून निघायला सांगितले आहे, तो निघेपर्यंत त्याच्याकडून शांतिसेनेसाठी नव्या तुकड्या घेऊ नका. त्याने सैनिक काढून घ्यायची धमकी दिली, तर ती जागा भरायला बाकीचे देश पुढे या, भारत धरून. सोने कुठे वितळते ते तज्ज्ञांनी लिहिले आहे, त्या शुद्धीकारखान्यांची नावे यादीत घाला, कारखाना मित्रदेशात असला तरी. आणि २०१० च्या अहवालातली बंद पाकिटातली नावे ज्या न्यायालयाला हवी असतील त्याला उघडून द्या.

ठरावाच्या मसुद्यावर यातले कोणते वाक्य कोणत्या देशाने खोडायला लावले, एवढे तरी मतदानानंतर जाहीर करा.

आपला,
एक मराठी वाचक